खोलीची शांतता

ओली चादर दोन्ही मुठींत घट्ट धरून तिने मायक्रोफोनसमोर एकदाच झटकली. नेमक्या त्याच क्षणी पडद्यावरच्या नर्सने चादर बाजूला फेकली. चादर एका जागची आणि तिचा आवाज दुसऱ्या जागचा, असं कुणाला शपथेवर सांगूनही पटलं नसतं.

"मिळालं," काचेपलीकडून रेकॉर्डिस्टदादा म्हणाले. "आता ट्रॉली. थांबायचंय का जरा?"

"कशाला?"

"नाही, आपलं विचारलं."

"सकाळपासून आपलं विचारताय. मी काय काचेची आहे, दादा?"

"काचेची असतीस तर बरं झालं असतं. पुढच्या रिळात खिडकी फोडायचीय, तेवढीच सोय झाली असती."

ती हसली, आणि चादर बादलीत टाकून ट्रॉलीकडे वळली.

सिनेमात जे चालतं, पडतं, फाटतं, ओतलं जातं, त्याचा आवाज चित्रीकरणाच्या वेळी क्वचितच धड मिळतो. तो मागाहून बंद खोलीत, चित्र बघत बघत नव्याने करावा लागतो. हे तिचं काम. काकडी मोडली की पडद्यावर हाड मोडायचं. जुनी चामड्याची पर्स पिळली की खोगीर करकरायचं. सिनेमावाले तिला आवाजवालीच म्हणत. भंगारवाल्यानेही नाक मुरडावं असा पसारा तिच्या खोलीत होता, पण त्यातली एक फुटकी कपबशी इकडची तिकडे करायची कुणाची टाप नव्हती.

या सिनेमात मधोमध एक बाळंतपण होतं. अवघड, घाईगर्दीचं. दादांनी आधीच सुचवून पाहिलं होतं की तेवढा भाग दुसऱ्या कुणाकडे देऊ. ती म्हणाली होती, "तो भाग मीच करणार. बाकीचा हवा तर कुणालाही द्या." ती असं म्हणाली की पुढे कुणी बोलत नसे.

आणि खरंच, तिला त्यातलं सगळं पाठ होतं. ट्रॉलीच्या चाकांतलं एक नेहमी कुरकुरतं. रबरी हातमोजा मनगटाशी आला की फट्कन वाजतो. स्टीलच्या ट्रेमध्ये कात्री आधी सरकते आणि मग आदळते. धावणारी माणसं त्या खोलीपाशी आली की धावायची थांबतात आणि भरभर चालू लागतात, कारण धावलेलं आत ऐकू जाऊ नये असं त्यांना वाटतं. तिने रबरी तळाच्या चपला हातांत घालून ते थांबणंसुद्धा फरशीवर वाजवून दाखवलं.

दिग्दर्शिका तरुण मुलगी होती. ती दादांशेजारी बसून बघत होती.

"ताई, इतकं बारीक तुम्हाला कसं ठाऊक?"

"आडवी होते ना तिथे."

"म्हणजे तुम्ही पाहिलंय?"

"डोळे मिटलेले होते," ती चपला जागेवर ठेवत म्हणाली. "कानांना कुठे पापण्या असतात?"

काचेपलीकडे दादांनी उगाच एक बटण पुसलं.

तिची लेक ठमी झाली तेव्हाची गोष्ट. आता ठमी घरभर दुडदुडत होती आणि कुणाचं काही ऐकत नव्हती. पण ती झाली तेव्हा त्या खोलीतले सगळे आवाज एकाएकी थांबले होते. ट्रे थांबला, पावलं थांबली, हुकूम सोडणारी डॉक्टरीणबाईही थांबली. आईने वाट पाहिली. आता रडेल, आता रडेल. "रडत का नाही?" असं तिने विचारलं, आणि कुणी उत्तर दिलं नाही. मग तिच्या स्वतःच्याच जिवासाठी पळापळ सुरू झाली. तोंडावर रबराच्या वासाचा मास्क आला आणि सगळं विझलं. जाग आली तेव्हा लख्ख उजाडलं होतं आणि कुशीशेजारी धुतलेलं, पुसलेलं, गुंडाळलेलं मूल होतं. झोपलेलं.

सगळे म्हणाले, दोघी सुखरूप आहात, देवाची कृपा. आता ते मनात आणू नकोस. कृपा तर तीही मानत होती, रोज हात जोडून मानत होती. पण मनात आणायला ते मनातून गेलं कुठे होतं? ती त्या शांततेत अडकली होती, दाराच्या फटीत एखादा पदर अडकावा तशी. बाकीचं अंग बाहेर येऊन कामाला लागलं होतं, एवढंच.

तेव्हापासून तिच्या घरात शांतता म्हणून नव्हती. पंखा फिरत असे, रेडिओ बोलत असे, भांडी घासून झाली तरी नळ थोडा वेळ वाहत असे. आणि कामावर एक गोष्ट घडत असे, जिच्याबद्दल दादा चकार शब्द काढत नसत.

या धंद्यात प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी खोलीची शांतता घेतात. रिकाम्या खोलीलाही आपला एक आवाज असतो. भिंतींचा, हवेचा, उभ्या असलेल्या माणसांचा. सगळ्यांनी हलायचं नाही, बोलायचं नाही, आणि दादा हात वर करून ती शांतता नोंदवून घेत. मग ती बाकीच्या आवाजांखाली अंथरायची, गादीखाली सतरंजी अंथरावी तशी. पूर्वी आवाजवाली या वेळी डोळे मिटून उभी राहायची. म्हणायची, दिवसभरात देवाचं नाव घ्यायला हीच काय ती सवड. ठमी झाल्यापासून मात्र दादांनी हात वर करायच्या आत तिला चहाची आठवण येई.

"मी चहाचं बघते," ती म्हणे.

"बघ," दादा म्हणत, आणि दार लागेपर्यंत थांबत.

त्या दिवशी बाकी सगळं आटोपलं आणि रडण्याची पाळी आली. दिग्दर्शिकेने ते तयारच आणलं होतं, कुठल्याशा आवाजांच्या साठ्यातलं. पडद्यावर बाळ आलं, क्षणभर थांबलं, आणि खोली रडण्याने भरून गेली.

"हे नाही," आवाजवाली म्हणाली.

"का? छान तर आहे. स्वच्छ आहे."

"हे पोर काही महिन्यांचं आहे. भूक लागलीय त्याला. आपण रडलं की कुणीतरी येतं, हे याला कळलेलं आहे. आत्ता जन्मलेल्याला ते कुठे कळलेलं असतं?"

दिग्दर्शिकेने पुन्हा ऐकलं, मान तिरकी करून. मुलगी प्रामाणिक होती. "हो की," ती म्हणाली. "मग खरं कसं असतं, ताई?"

आवाजवालीने बादलीतली चादर काढून पिळली. पिळून झाल्यावर पुन्हा पिळली.

"सांगते," ती म्हणाली. "आधी विचारून येते."

घरी आली तेव्हा नवरा ताटं पुसत होता आणि सासूबाई ठमीच्या केसांतला गुंता सोडवत होत्या. म्हणजे गुंता एकीकडे आणि ठमी दुसरीकडे, असं चाललं होतं. रेडिओवर कुणीतरी बागेला पाणी कधी घालावं ते सांगत होतं.

तिने पिशवी खाली ठेवली आणि उभ्याउभ्याच विचारलं,

"ठमी झाली तेव्हा कशी रडली होती?"

कंगवा थांबला. नवऱ्याच्या हातातलं ताट पुसून झालेलंच होतं, ते त्याने पुन्हा पुसायला घेतलं.

"आता कशाला गं ते?" सासूबाई हळूच म्हणाल्या.

"कामासाठी हवंय, आई."

"कामासाठी?" नवऱ्याला जरा सुटल्यासारखं झालं. "हात्तिच्या! मग सांगतो की. बदकासारखी रडली."

"बदकासारखी?"

"हो. असं, बघ." त्याने ताट छातीशी धरून, गळा ताणून आवाज काढला.

"माझी नात बदक?" सासूबाई म्हणाल्या.

"नात नाही, आवाज म्हणतोय मी. क्वॅ, क्वॅ, असं काहीतरी. मी दारातच तर होतो."

ठमीला हा खेळ फारच आवडला. केस सोडवून घेऊन ती वडिलांच्या मागे लागली. दोघं स्वयंपाकघरात क्वॅ क्वॅ करत फिरू लागले. आवाजवालीला हसू आलं. हसता हसता तिचं लक्ष सासूबाईंकडे गेलं. त्या हसत नव्हत्या. कंगव्यातला केस काढून बोटाभोवती गुंडाळत होत्या.

"तू दारात नव्हतास," त्या म्हणाल्या.

नवरा थांबला. ठमी त्याच्या पायांवर आपटली.

"तू रक्त आणायला गेला होतास. खालच्या मजल्यावर. तू वर आलास तोवर तिचं धुणंपुसणं चाललं होतं. तू ऐकलंस ते नंतरचं."

ताट त्याने फळीवर ठेवलं, अगदी आवाज न करता. मग बायकोकडे न बघता म्हणाला,

"दारात होतो असं सगळ्यांना सांगत आलो. बरं वाटायचं सांगताना. पहिलं रडणं मीही नाही ऐकलं."

रेडिओ बागेबद्दल बोलतच होता. तिने पुढे होऊन तो बंद केला. घरात इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी तो बंद करत होतं, आणि ते तिचं तिलाही मागाहून उमगलं. तिने नवऱ्याच्या खांद्यावरचं फडकं काढून घेतलं आणि उरलेली ताटं स्वतः पुसायला लागली. तो शेजारी उभा राहून एकेक तिच्या हातात देत होता.

"मग तुम्ही सांगा, आई," ती पाठमोरीच म्हणाली.

सासूबाई उठल्या. "माझी प्रार्थनेची वेळ झाली," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

सकाळी ती निघायला चपला घालते तो सासूबाई बाहेरच्या खोलीत तयार उभ्या. ठेवणीतली साडी, हातात पर्स, जणू कुणाला बघायला दवाखान्यात निघाल्या होत्या.

"मी येते तुझ्याबरोबर."

"स्टुडिओत? आई, तिथे दिवसभर मी चपला आपटत असते."

"आपट. मला तोंडाने सांगता येणार नाही. मला काही तुझ्यासारखा आवाज काढता येत नाही, आणि या घरात एक बदक पुरे आहे. तू वाजव. मी ऐकते आणि हो की नाही ते सांगते."

पायऱ्या उतरताना त्यांनी तिचा हात धरला. मधल्या वळणावर थांबल्या.

"त्या दाराबाहेर मी देवाला शब्द दिला होता," त्या म्हणाल्या. "म्हटलं, पोर रडू दे, हिचा जीव राहू दे, मी या तासाबद्दल तक्रारीचा एक शब्द कधी काढणार नाही. म्हणून गप्प राहिले. तू विषय काढलास की 'विसर' म्हणायची ती त्यामुळे."

"मला वाटायचं, तुम्हाला ते झालं तेच मान्य नाही."

"मान्य नाही कसं? मी तर रोज त्याच दाराबाहेर उभी असते." त्यांनी पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "रात्री देवासमोर बसले तेव्हा नीट आठवून पाहिलं. तक्रार करणार नाही म्हणाले होते. सांगणार नाही असं काही म्हणाले नव्हते."

स्टुडिओत दादांनी त्यांना आपली खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसले. दिग्दर्शिका दुपारी यायची होती. सासूबाईंनी काचेतून आतला पसारा पाहिला, आणि "हे सगळं आवरायला मी एक दिवस येईन," असं दादांना हळूच म्हणाल्या.

"तेवढं करू नका हो," दादा कळवळून म्हणाले. "तुम्ही गेल्यावर मला ऐकून घ्यावं लागेल."

आवाजवालीने मेज रिकामं केलं. त्यावर तिने मांडलं ते असं: पाण्याची वाटी, रबरी हातमोजा, मऊ फडकी, आणि ठमीच्या बाहुलीच्या पोटातली शिटी. बाहुलीचं पोट दाबलं की वाजायची ती. सकाळी ठमीने बाहुली दाबून पाहिली तेव्हा बाहुली मुकी. "तुझ्या आईने आवाज नेला तिचा," असं बापाने सांगितल्यावर ठमीने आईकडे चोर पकडल्यासारखं बघितलं होतं.

तिने शिटी हातमोज्याच्या बोटात बसवली, फडक्यात गुंडाळली आणि दाबली.

"नाही," सासूबाईंचा आवाज आला. "हे खेळण्याचं आहे."

तिने रबर ओलं केलं.

"नाही. इतकं जोरात नव्हतं."

"आधी काय होतं, आई? अगदी आधी?"

सासूबाईंनी डोळे मिटले. "आधी घरघर. घशात पाणी असल्यासारखी."

तिने फडक्याचं टोक वाटीत बुडवून पाण्यातून हवा सोडली. बारीक बुडबुडे आले.

"हं. मग एक उचकी. उचकीच म्हणायची. मग पुन्हा काही नाही. मला वाटलं, गेली." दादांनी पाण्याचा ग्लास त्यांच्या पुढे सरकवला, त्यांनी तो नुसताच हातात धरला. "मग आवाज फुटला. फाटका. जुनं कापड एकदम नाही फाटत, आधी एक धागा जातो. तसा."

आवाजवाली मेजावर वाकली. तिचे हात आता कामात होते आणि कामात असलेल्या हातांवर तिचा भरवसा होता. तिने रबर पिळलं, सैल केलं, शिटीची पट्टी नखाने किंचित वाकवली. दर वेळी वाजवून ती वर बघे, आणि काचेपलीकडे मान नाही म्हणे. मग ती पुन्हा वाके. दादांनी चहाचं नाव काढलं नाही, कंटाळ्याचा सुस्कारा टाकला नाही. असं किती वेळ चाललं कुणी पाहिलं नाही.

मग एकदा घरघर आली, तिच्यावर उचकी आली, मधे रिकामी जागा आली. ती रिकामी जागा तिने अंगावर घेतली, श्वास धरून, जितकी होती तितकी. आणि मग फडक्याच्या आतून एक धागा तुटला.

काचेपलीकडे ग्लास कलंडला. सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांची साडी ओली झाली होती आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. दोन्ही हात समोर पसरलेले होते, दाराबाहेर उभं राहून कुणीतरी आतून काहीतरी आणून देईल म्हणून पसरावेत तसे.

"तेच," त्या म्हणाल्या. "अगदी तेच. पण पुढचं राहिलं."

"पुढचं काय, आई?"

"तुझी ओ."

आवाजवालीच्या हातातलं फडकं टपकत होतं.

"कसली ओ?"

"अगं, ती रडली, आणि आतून तू ओ दिलीस. कुणी हाक मारली की देतेस तशी. या खोलीतून त्या खोलीत. बारीक होती, पण तुझीच. दाराबाहेर मला स्पष्ट ऐकू आली. मग तर मी खालीच बसले. म्हटलं, दोघी बोलल्या एकमेकींशी, आता काही भीती नाही." त्यांनी काचेजवळ येऊन सुनेचा चेहरा पाहिला. "तुला आठवत नाही?"

तिने मानेनेच नाही म्हटलं.

"मला वाटायचं, तुला ठाऊक आहे. स्वतःची ओ कोण विसरेल? म्हणून तर कधी बोलले नाही. मला काय ठाऊक, तुझ्याकडे तेवढंच नव्हतं म्हणून!"

दादा यंत्रावरच्या बटणांकडे बघत होते. फार निरखून.

आवाजवालीने फडकं वाटीत पुन्हा बुडवलं. तिने ते सगळं पहिल्यापासून वाजवलं. घरघर, उचकी, रिकामी जागा, आणि तो फाटका आवाज. तो संपायच्या आत तिने मायक्रोफोनकडे तोंड करून, अगदी रोजच्या आवाजात, हातातलं काम न सोडता देतात तशी, म्हटलं,

"ओ."

काचेपलीकडे सासूबाई खुर्चीत बसल्या, आणि मान हलवून "हो" म्हणाल्या.

"रडणं सिनेमाला द्यायचं," आवाजवाली म्हणाली. "ओ नाही. ती माझी आहे."

"सिनेमाचं नाव कुणी काढलं?" दादा म्हणाले. "ओ मी वेगळी ठेवली. डब्यावर काय लिहू?"

"काही लिहू नका. मी ओळखेन."

ती मेज पुसायला लागली. शिटी तिने कोरडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. बाहुली घरी वाट बघत होती. दादांनी घसा साफ केला.

"आता तेवढी खोली घ्यायची राहिली," ते म्हणाले, आणि सवयीने पुढे, "तू चहाचं बघतेस ना?"

तिने दाराकडे पाहिलं. मग ते आतून ओढून नीट लावलं, आणि खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"चहा नंतर," ती म्हणाली. "घ्या."

दादांनी हात वर केला. सासूबाईंचे ओठ आवाज न करता हलू लागले. तिने डोळे मिटले. आधी काहीच आलं नाही. मग वाटीतलं पाणी स्थिर होताना आलं. ओल्या चादरीतून बादलीत पडणारा एक थेंब आला. तिचा स्वतःचा श्वास आला, आत आणि बाहेर.

नेहमीचा वेळ भरला तसा दादांचा हात खाली येऊ लागला. डोळे न उघडताच तिने तळहात वर केला. अजून थोडं, अशी खूण केली.